नळी आणि लाकूड यांमधली फट

आमच्या घरात वस्तू बिघडली की आधी माणसाला धरायची पद्धत होती. मिक्सर बंद पडला तर तो जळला का, वायर तुटली का, हे कोणी बघायचं नाही. पहिला प्रश्न, "शेवटी कोणी लावला होता?" घड्याळ मागं पडलं तरी तेच. त्यामुळे बाबांच्या रायफलच्या गोळ्या इकडेतिकडे जायला लागल्या तेव्हा संशयित एकच होती, आणि ती मी. रायफल मी एकटीच चालवत होते. बाबा बँकेत होते, जन्म कलकत्त्याचा, ऐन उमेदीत उत्तम नेमबाज. मग साखरेनं त्यांचे डोळे अधू केले. मधला काळा ठिपका अस्पष्ट दिसायला लागला तेव्हा त्यांनी फारशी हळहळ न करता ती पॉइंट टू टूची रायफल माझ्या हातात दिली. मी तेव्हा पंधराची. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून रायफल जिथं जाईल तिथं बाबांनी जायलाच हवं. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं बालीगंज स्टेशनवर बजबजची गाडी पकडायचो, त्यांच्या खिशात परवाना आणि माझ्या खांद्यावर ती लांबलचक पेटी. गाडीतले लोक विचारायचे, "सितार?" बाबा गंभीरपणे मान डोलवायचे.

बजबजच्या अलीकडे, नदीकाठच्या एका बंद पडलेल्या ज्यूट मिलच्या आवारात आमच्या क्लबची रेंज होती. पन्नास मीटरवर मातीचा बांध, त्यापुढं निशाण्याचे कागद. आता म्हणे सगळं इलेक्ट्रॉनिक झालंय, गोळी सुटली की समोरच्या पडद्यावर गुण उमटतात. आम्ही कागद काढून आणायला पायी जायचो, आणि ती पन्नास पावलं मी अजून स्वप्नात चालते.

आईला हे सगळं नापसंत. ती सांगलीची. लग्न होऊन बालीगंजच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली, आणि वीस वर्षं झाली तरी बंगाली तिच्या घशाखाली उतरली नाही. मासळीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी ती मराठी-हिंदीची खिचडी बोलायची आणि सगळे तिला समजून घ्यायचे. खालच्या मजल्यावर संध्याकाळी पेटीवर गाण्याचा रियाज चाले, मोहरीच्या तेलाचा वास जिन्यातून वर येई, आणि आमच्या दारापाशी त्याची गाठ हिंगाच्या फोडणीशी पडे. आईचं म्हणणं, खालच्या बाईंची मुलगी बघा, गळा कसा तयार झालाय, आणि आमची बघा, खांद्याला घट्टा पडलाय. "उद्या स्थळ बघायला आले तर काय सांगू, मुलीला बंदूक येते?" बाबा म्हणायचे, "सांग. हुंडा मागणार नाहीत." तिला हसू यायचं पण ती दाबून टाकायची. रायफलला मात्र तिनं तीन वर्षांत बोट लावलं नाही. कपाट झाडतानासुद्धा ती तेवढा कोपरा सोडून द्यायची.

तर गोळ्यांचं. थंडीत सगळं सुरळीत. पाच गोळ्या मारल्या की पाच भोकं एकमेकांना चिकटून बसायची. याला रेंजवर ग्रुप म्हणतात. ग्रुप जितका लहान तितकी बंदूक आणि माणूस दोघंही शहाणे. पण जून उजाडला की तोच हात, तीच काडतुसं, तोच डोळा, आणि ग्रुप मात्र पसरायचा. आज वर, उद्या डावीकडं. गोळी कुठं जाईल याचा काही नेम नाही, असं मी एकदा वैतागून म्हणाले तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी एक वही सुरू केली. हवा कशी, नाश्त्याला काय खाल्लं, झोप किती, कोणत्या पेटीतली काडतुसं, सगळं लिहायची. पोह्यांनंतर बरं जातं असं एकदा वाटलं, म्हणून आईला लागोपाठ चार रविवार पोहे करायला लावले. पाचव्या रविवारी पोहे खाऊनही गोळ्यांनी दाही दिशा धरल्या. "नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणाले. मला ते लागलं, कारण मलाही आतून तेच वाटत होतं. बंदूक खोटी की मी खोटी, हे कळायला काही मार्गच नव्हता. आपण एखादी गोष्ट वाईट करतोय हे कळलं तर माणूस सुधारू तरी शकतो. आपण करतोय की दुसरं कोणी, हेच कळेना झालं की डोकं पिंजून निघतं.

शेवटी क्लबचे सेक्रेटरी, निवृत्त मेजरसाहेब, म्हणाले, निताईला दाखवा. क्लबच्या सगळ्या बंदुका निताई मिस्त्रीच बघायचा. त्याचं दुकान बेहाल्याला, मोठ्या रस्त्यावरून आत वळून, एका बाजूला पंख्याच्या मोटारी गुंडाळणारा आणि दुसऱ्या बाजूला कुलूपवाला, अशा दोघांच्या मधे. आता तिथं डोक्यावरून मेट्रो धावते. परवा भाचीकडं जाताना त्या डब्यातून खाली बघत होते, गल्ली काही ओळखू आली नाही. निताईदा किडकिडीत, पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी रायफल हातात घेतली, नळीखालच्या लाकडावर नाक टेकवून चक्क वास घेतला आणि म्हणाले, "जल खेयेछे." पाणी प्यायलंय.

पुढं त्यांनी जे समजावलं ते मला पुढच्या आयुष्यात शिकलेल्या कित्येक गोष्टींपेक्षा स्पष्ट आठवतं. बंदुकीची नळी गोळी सुटताना थरथरते. दर वेळी अगदी एकसारखी थरथरली तर गोळी दर वेळी एकाच जागी जाते. पण आमच्या रायफलचा दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते तो भाग, अक्रोडाच्या लाकडाचा. कलकत्त्याच्या पावसाळ्यात, त्यात नदीकाठी, लाकूड फुगतं आणि नळीला कुठंतरी टेकतं. मग नळी कधी या अंगानं थरथरते, कधी त्या. निताईदांनी दोन कामं केली. नळी जिथं मागं दस्त्यात बसते तिथं लाकूड कोरून रसायनाचा लगदा भरला, तो घट्ट झाला तेव्हा पोलाद त्यात अंगठी बोटात बसावी तसं बसलं. आणि पुढचं लाकूड आतून घासून नळी पूर्ण मोकळी केली. नळी आणि लाकूड यांमध्ये आता बारीकशी फट होती, कुठंच स्पर्श नाही. मग त्यांनी विडीच्या बंडलावरचा पातळ कागद काढला, त्या फटीत सरकवला आणि पुढून मागपर्यंत अलगद ओढत नेला. कुठं अडला नाही. तो कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "रोज कागोज घोराबे, मा. गुली छोंडार आगे." रोज, गोळी मारण्याआधी, हा कागद फिरवायचा. मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "तो तुला आई का म्हणतो?"

त्या पावसाळ्यात माझे ग्रुप थंडीसारखे आले. बाबा कागद घेऊन परत येताना लांबूनच हात वर करायचे. मी सुरुवातीला दर रविवारी इमानानं तो कागद फिरवला. तो कधी अडला नाही. जी गोष्ट कधी अडत नाही ती माणूस किती दिवस तपासणार? भाद्रपद संपता संपता तो कागद पेटीच्या खणात गेला आणि तिथंच राहिला. हे इथं लिहिताना मला अजून बरं वाटत नाही, म्हणून लवकर लिहून टाकते.

मग आली खंडेनवमी. बाहेर बंगाल्यांची दुर्गापूजेची नवमी, सकाळपासून ढाक वाजतोय, मांडवातला धूर खिडकीतून आत, आणि खालच्या घरी मटण शिजत असल्याची बातमी जिन्याभर. आमच्याकडे लाल भोपळ्याचे घारगे आणि हत्यारांची पूजा. आमची हत्यारं म्हणजे विळी, अडकित्ता, आईचं शिवणयंत्र, बाबांची फाउंटन पेनं. पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फूल, अक्षता. रायफल दर वर्षी बाबा कपाटातच नमस्कार करून बंद करायचे. त्या वर्षी आईनं पूजेचं ताट भरलं आणि हात पुसत मला म्हणाली, "तुझी ती बंदूक आण. एवढी शस्त्रांची नवमी, आणि घरातलं एकमेव शस्त्र तेवढं कपाटात?" मी बाबांकडं बघितलं. ते वर्तमानपत्राआड गेले. मी रायफल आणून पाटावर आडवी ठेवली, नळी वर. आईनं पहिल्यांदाच तिला हात लावला. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि मग ओंजळभर अक्षता वाहिल्या. शिवणयंत्रावर चिमूटभर आणि हिच्यावर ओंजळभर. "यंदा निवड व्हायला हवी," ती नळीकडं बघत म्हणाली, माझ्याकडं नाही. मी तिच्या पाया पडले. मला रडू येत होतं आणि तेवढ्यात ढाक इतका जोरात वाजायला लागला की बरं झालं. संध्याकाळी बाबांनी फडक्यानं रायफल पुसली आणि कपाटात उभी केली.

निवड दहाएक दिवसांनी होती, आणि पूजेच्या सुट्टीत रेंज बंद, म्हणून मधे एकही गोळी मारली नव्हती. राज्याच्या ज्युनिअर संघासाठी मुलींच्या दोनच जागा, साठ गोळ्या. मी पालथी झोपले, गाल दस्त्याला लावला, श्वास अर्धा सोडला. पहिल्या दहा गोळ्या मारून दुर्बिणीतून बघितलं तर पाच-सहा भोकं वर डावीकडं. मी नेम सरकवायचा स्क्रू फिरवून दुरुस्ती केली. मग काही खाली उजवीकडं. परत फिरवला. मग एक अगदी मध्यावर, मग पुन्हा वर डावीकडं. उरलेल्या गोळ्या मी कशा मारल्या ते सांगता येणार नाही. मला हातावर भरवसा राहिला नाही, डोळ्यावर राहिला नाही. घाम डोळ्यांत जात होता आणि मी स्क्रू फिरवत होते, कधी इकडं, कधी तिकडं. वाऱ्यामुळे असेल? पोटामुळे? शेवटी मी चौथी आले.

मेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, बेटी?" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "निताईदांनी रायफल बिघडवली. तो लगदा भरल्यापासूनच काहीतरी झालंय." मागचे तीन महिने याच रायफलनं माझे उत्तम ग्रुप आले होते, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला कोणीतरी हवं होतं जे मी नव्हे. मेजरसाहेबांनी मान हलवली. त्यांच्याही एका रायफलबद्दल त्यांना शंका होतीच म्हणे. दुसऱ्याच दिवशी क्लबच्या बंदुका दुसऱ्या मिस्त्रीकडं गेल्या. निताईदांच्या दुकानाबाहेर क्लबच्या नावाची एक छोटी पाटी होती, ती त्यांना उतरवायला सांगितली.  निवडीहून परत आल्यावर जिन्यात बाबा म्हणाले, "खात्री आहे तुझी?" मी म्हणाले, हो.

खात्री कसली. दोन दिवसांनी निताईदांचा निरोप आला, रायफल घेऊन या. आम्ही गेलो. पाटीच्या जागी भिंतीवर चौकोनी स्वच्छ डाग होता. मी निवडीचे निशाण्याचे कागद त्यांच्या टेबलावर जवळजवळ आपटले, "हे बघा." त्यांनी ते नीट बघितले, सारखे केले आणि खिळ्याला टोचून ठेवले.  बाबा समोर चहा घ्यायला गेले. निताईदांनी खिशातून विडीचा कागद काढून फटीत सरकवला. चार बोटं गेला आणि अडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. दस्त्याचे स्क्रू काढून त्यांनी नळी अलगद उचलली. खाली लाकडाच्या खोबणीत, डाव्या अंगाला, तीन दाणे होते. लालसर, सुकून कडक झालेले, लाकडाला चिकटलेले. त्यांनी नखानं ते सोडवले आणि तळहातावर माझ्यासमोर धरले. "एटा की, मा?" हे काय?

आईच्या अक्षता नेहमी गोविंदभोग तांदळाच्या. सांगलीहून आलेल्या बाईला बंगालमधली जी एकच गोष्ट मनापासून आवडली होती ती म्हणजे हा बारीक, सुवासिक तांदूळ. अक्षत म्हणजे अख्खा दाणा हवा, आणि गोविंदभोगाचा अख्खा दाणासुद्धा इवलासा. मोठा तांदूळ त्या फटीत शिरलाच नसता. मी त्या तळहाताकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे बाबांना हाक मारतील. त्यांनी मारली नाही. ते दाणे विडीच्या त्याच कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवले, रायफल जोडली, आणि बाबा आल्यावर म्हणाले, ठीक होये गेछे. ते माझी वाट बघत होते, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की हा माणूस गप्प बसलाय, आणि मी सुटले.

सुटले कसली. पुढचे आठ दिवस मी घरात भुतासारखी वावरले. खरं सांगावं तर आईनं तीन वर्षांनी पहिल्यांदा त्या बंदुकीला हात लावला, पहिल्यांदा मला पावली, आणि त्याच हातानं माझी निवड गेली हे तिला सांगायचं. न सांगावं तर निताईदा. दोन्हीकडून विचार केला की डोकं गरगरायचं. तीन दाण्यांनी निवड जाते का खरंच? की माझाच हात चुकला? आणि कागद फिरवायचा तो मी फिरवला नाही, मग तांदूळ असोत नाहीतर वाळू, दोष कोणाचा? शेवटी मी एक तोडगा काढला, तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला. मेजरसाहेबांना गाठून सांगितलं की निवडीच्या आदल्या दिवशी मीच दस्त्याचे स्क्रू उघडले होते, नीट बसवले नाहीत, निताईदांची काही चूक नाही. ते रागावले, पण निताईदांचं काम परत सुरू करतो म्हणाले. मला वाटलं, सगळे वाचले. सत्याला थोडीशी मुरड घातली, बस.

मेजरसाहेबांनी बाबांना सांगितलं, बाबांनी आईला. दिवाळीचे दिवस होते. आई चकल्या तळत होती, झारा हातात तसाच. "स्वतः बिघडवलीस आणि त्या माणसावर आळ घेतलास? चोर सोडून संन्याशाला सुळी? हे शिकवलं मी तुला?" मी मान खाली घालून उभी. चकल्या करपल्या. दुसऱ्या दिवशी तिनं डबाभर करंज्या आणि चकल्या घेतल्या, इस्त्रीची साडी नेसली आणि मला घेऊन बेहाल्याला निघाली, माफी मागायला. बाबांना येऊ दिलं नाही.

निताईदा आईला बघून गडबडून उभे राहिले, लुंगीला हात पुसले, स्टूल पुढं केलं. आईनं डबा ठेवला आणि आपल्या खिचडी भाषेत सुरुवात केली, "दादा, हमारी लडकी ने आपका नाव खराब किया. स्क्रू इसने खोला. कान पकड, मंजू. पकड म्हणते ना!" मी अठरा वर्षांची घोडी, त्या दुकानात कान पकडून उभी, आणि कुलूपवाला वाकून बघतोय. निताईदांनी माझ्याकडं बघितलं. मग आईच्या हाताकडं बघितलं. दिवाळीची पूजा झालेली, हळदीकुंकवानं तिची बोटं लाल-पिवळी होती. त्या तीन दाण्यांचा रंग कुठला, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "ना ना, बौदी. ओर कोनो दोष नेई. भूल आमारई. काठ फुले गेछिलो." हिचा दोष नाही, वहिनी, चूक माझीच, लाकूड फुगलं होतं.

लाकूड फुगू नये हेच तर त्यांचं सगळं काम होतं. त्यावरच त्यांचं नाव होतं, त्यावरच मी थुंकले होते, आणि आता तो माणूस स्वतःच्या तोंडानं ते कबूल करत होता. मी कान सोडले.  आईला बंगाली येत नसलं तरी 'भूल' आणि 'काठ' कळायला फार बंगाली लागत नाही.

परतीच्या बसमध्ये आईला खिडकी मिळाली. ती एकदम हलकी झाली होती. "बघ! त्याचीच चूक निघाली. मेला प्रामाणिक आहे पण, लगेच कबूल केलं. आणि तू वेडाबाई, सगळं स्वतःवर घेऊन मोकळी. का गं? त्याची दया आली होय? घरी गेल्यावर मेजरसाहेबांना फोन लावते आधी. माझ्या मुलीचं नाव का खराब व्हावं?" बस पुलाच्या दिशेनं रखडत चालली होती. मी म्हणाले, राहू दे ना. ती म्हणाली, "राहू दे काय? जे आहे ते सांगायला नको?"

तेव्हा मी सांगितलं. "आई, लाकूड फुगलं नव्हतं. नळीखाली तांदूळ अडकले होते."

"कुठले तांदूळ?"

"खंडेनवमीचे. अक्षता."

तिला कळायला वेळ लागला. कंडक्टर तिकिटं मागत मागत पुढं निघून गेला. "किती?" तिनं विचारलं.

"तीन."

"त्याला माहीत होतं?"

"त्यांनीच काढले."

आईचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, जे व्हायला नको होतं तेच झालं. पण ती दुःखानं रडत नव्हती, संतापली होती. "माझ्या हातून चूक झाली तर ती मला सांगायची नाही? मी काय काचेची आहे? तो परका माणूस माझ्यासाठी स्वतःवर आळ घेतो, आणि तू बसून बघतेस. आणि मी, मी त्याला करंज्या देऊन वर प्रामाणिक म्हणते! किती मूर्ख दिसले असेन मी त्याला." ती उठली. "उतर."

"आई, मधेच..."

"उतर म्हणते ना!" तिनं बसच्या पत्र्यावर थाप मारली. "आस्ते! लेडीज!" कंडक्टर ड्रायव्हरला ओरडला. आम्ही रस्त्याच्या मधोमध उतरलो, पलीकडं गेलो, उलटी बस पकडली.  मी तिच्या हाताला हात लावला तर तिनं काढून घेतला नाही, एवढंच.

निताईदा चकली खात होते. आम्हाला बघून त्यांनी ती लपवायचा प्रयत्न केला. आई सरळ आत गेली. "दादा, चावल मैंने डाला. पूजा में. भूल आमार." वीस वर्षांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं धड बंगाली. निताईदांनी चकली खाली ठेवली. मग म्हणाले की आम्हीही विश्वकर्मापूजेला हत्यारांना फुलं वाहतो, बौदी, वर्षातून एकदा. पण दस्त्यावर वाहा, नळीवर नको. आईनं हे परीक्षेचा धडा ऐकावा तसं ऐकून घेतलं. "और कुंकू?" निताईदांनी खरोखर विचार केला. "चोलबे. शुकनो." चालेल, कोरडं असेल तर.

मला वाटलं आता जायचं. पण आईचं संपलं नव्हतं. ती स्टुलावर नीट बसली आणि जो प्रश्न मी आठ दिवस स्वतःला विचारायला घाबरत होते तो तिनं विचारला, "दादा, सच बोलना. चावल नहीं होता तो मंजू का सिलेक्शन होता?" मी त्यांच्याकडं बघितलं. हो म्हणा, असं मनात म्हणत होते, आणि नाही म्हणा, असंही. निताईदांनी खिळ्यावरून माझे निशाण्याचे कागद काढले, टेबलावर पसरले, आणि कानामागची पेन्सिल घेतली. वर डावीकडच्या भोकांना एकेक गोल केला. ही तांदळाची, नळी डावीकडं टेकली की अशीच जाणार. खाली उजवीकडच्या भोकांवर एकेक फुली मारली. ही हिची. घाई केली, चाप ओढला नाही, हिसकला. फुल्या पुष्कळ झाल्या. मला वाटत होतं त्याहून पुष्कळ. काही भोकांवर मात्र पेन्सिल थांबली आणि पुढं गेली. ना गोल, ना फुली.

आईनं त्यांवर बोट ठेवलं. "और ये?"

"जानी ना, बौदी," निताईदा म्हणाले. माहीत नाही.

ते माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. फुल्या बघून लाज वाटली, आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं, कारण त्या निदान माझ्या होत्या, नक्की माझ्या. आईनं कागद गोळा करून माझ्या हातात दिले. दुकानाच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "गोल माझे. फुल्या तुझ्या. उरलेल्यांचं कोणालाच माहीत नाही म्हणतोय, तर ते सोड. फुल्यांपासून सुरुवात कर." मग ती बस बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागं.